प्राथमिक शाळेसाठी अनेक संस्थांचे साहाय्य एका आराखड्यात कसे आणावे: सोलापूर जिल्ह्यातील शाळा व्यवस्थापन समित्यांसाठी मार्गदर्शिका

सोलापूर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेची कोणतीही प्राथमिक शाळा घेतली, तरी ती एकट्या एका संस्थेच्या बळावर चालत नाही. शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्य शासन उचलते, इमारत आणि आस्थापना जिल्हा परिषद पाहते, नळजोडणी बहुधा ग्रामपंचायतीची असते, पोषण आहाराचा तांदूळ केंद्र सरकारकडून येतो, पाठ्यपुस्तके बालभारती तयार करते आणि वर्गातला दूरचित्रवाणी संच एखाद्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने दिलेला असतो. इतक्या जणांचा वाटा असूनही शौचालयात पाणी नसते, एका खोलीचे छत गळते आणि चौथीतील काही मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. याचे कारण प्रत्येक वेळी पैशांची टंचाई हेच असते असे नाही. कोणाकडे काय मागावे, ते केव्हा मागावे आणि मिळालेल्याचा हिशेब कोठे ठेवावा, हे ठरवणारी जागा गावात रिकामी राहते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने ही जागा शाळा व्यवस्थापन समितीला दिली आहे. ती समितीने प्रत्यक्षात कशी चालवावी, हे येथे सांगायचे आहे.

एकत्र साहाय्याची पद्धत कशी घडली

थोडी पार्श्वभूमी समजली की पुढील पायऱ्यांमागचे कारण कळते. मार्च १९९० मध्ये थायलंडमधील जोम्तिएन येथे युनेस्को, युनिसेफ, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी मिळून ‘सर्वांसाठी शिक्षण’ या विषयावर जागतिक परिषद भरवली. त्यानंतर विकसनशील देशांत प्राथमिक शिक्षणासाठी बाहेरील मदतीचा ओघ वाढला. भारतात १९९४ पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि आपल्या शेजारच्या लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांचा त्यात समावेश झाला. या कार्यक्रमाच्या खर्चातील ८५ टक्के वाटा केंद्राचा आणि १५ टक्के राज्याचा होता. केंद्राच्या वाट्यासाठी जागतिक बँक, युरोपीय समुदाय, ब्रिटन, नेदरलँड्स आणि युनिसेफ यांनी निरनिराळ्या राज्यांना साहाय्य केले.

प्रत्येक मदतकर्त्याचा स्वतंत्र प्रकल्प, स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र अहवाल असला की यंत्रणेचा बराच वेळ अहवाल लिहिण्यातच जातो, हा त्या काळातील अनेक देशांचा अनुभव होता. त्यामुळे पुढे आलेल्या सर्व शिक्षा अभियान या देशव्यापी प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात जागतिक बँक, युरोपीय आयोग आणि ब्रिटनचा आंतरराष्ट्रीय विकास विभाग यांनी आपले पैसे देशाच्याच कार्यक्रमात घातले आणि स्वतंत्र पाहण्यांऐवजी संयुक्त आढावा घेण्याचे मान्य केले. बांगलादेशातही २००४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या प्राथमिक शिक्षण विकास कार्यक्रमात आशियाई विकास बँकेच्या पुढाकाराने अनेक देश व संस्था एकाच आराखड्यामागे उभ्या राहिल्या. अलीकडे जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पातील सहा राज्यांमध्ये महाराष्ट्र आहे. मात्र मोठा भार देशानेच उचललेला आहे, हे विसरू नये. २००४ पासून आकारलेला दोन टक्के शिक्षण उपकर सामान्य करदात्याच्या खिशातूनच गेला. ‘आम्हाला शासनाने दिले’ असे म्हणण्यापेक्षा ‘आमच्या वाट्याचे आम्हाला मिळाले का’ हे विचारणे म्हणूनच अधिक योग्य आहे.

बांधील कोण आणि स्वेच्छेने येणारे कोण

समितीने पहिल्या बैठकीत एका कागदाचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात कायद्याने बांधील असलेल्या संस्था लिहाव्यात. केंद्र व राज्य शासन, तसेच स्थानिक प्राधिकरण म्हणून जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका त्यात येतील. जवळ शाळा असणे, इमारत, पुरेसे शिक्षक, शैक्षणिक साहित्य आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश ही अधिनियमाच्या कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत. दुसऱ्या भागात कंपन्या, सहकारी साखर कारखाने, बँका, स्वयंसेवी संस्था, देवस्थाने, माजी विद्यार्थी आणि गावातील दाते असे स्वेच्छेने येणारे सर्व जण लिहावेत.

हा भेद सोडला तर मोठे नुकसान होते. शिक्षकाचे पद रिक्त असताना गावाने वर्गणी काढून तात्पुरता शिक्षक नेमला, की ती निकड शासनाच्या नजरेतून निसटते आणि गरीब पालकांवर कायमचा भार बसतो. पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन, ६१ ते ९० पटासाठी तीन आणि ९१ ते १२० पटासाठी चार शिक्षक हे प्रमाण अधिनियमाच्या अनुसूचीतच दिलेले आहे. ते मिळवण्यासाठी लेखी पाठपुरावा करावा. कायद्याने मिळणाऱ्या गोष्टीसाठी दात्याकडे जाऊ नये, हा नियम समितीने आपल्या ठरावात नोंदवून ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आराखडा हा पाया

अधिनियमाच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा आहे, आणि शासनाची व स्थानिक प्राधिकरणाची नियोजने व अनुदाने याच आराखड्याच्या आधारे व्हावीत असे त्याच कलमात म्हटले आहे. आपण करतो तो आराखडा ही केवळ फाइलमध्ये लावण्याची औपचारिकता नाही, हे सदस्यांना ही दोन वाक्ये वाचून दाखवल्यावर पटते.

आराखडा तीन वर्षांचा आणि त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा असा असावा. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेर, तो तयार ठेवावा. याच काळात ग्रामपंचायत विकास आराखड्याचे कामही चालू असते. २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या ग्रामसभांत शाळेच्या मागण्या नोंदवल्या गेल्या नाहीत, तर पुढील संपूर्ण वर्ष हातचे जाते. त्यामुळे सप्टेंबरमध्ये पाहणी, ऑक्टोबरमध्ये ग्रामसभा, नोव्हेंबरमध्ये मसुदा आणि डिसेंबरमध्ये समितीची मंजुरी हा क्रम सोयीचा ठरतो.

पाहणी कशी करावी? शाळेच्या यू-डायस नोंदीची (शाळांची माहिती साठवणाऱ्या शासकीय प्रणालीतील नोंदीची) प्रत मुख्याध्यापकांकडून घ्यावी आणि ती हातात धरून सदस्यांनी शाळेभोवती फिरावे. नोंदीत ‘शौचालय आहे’ असे असेल, तर त्याला पाणी आहे का, दाराला कडी आहे का आणि मुली ते वापरतात का, हे पाहावे. नोंद आणि वस्तुस्थिती यांत फरक आढळल्यास मुख्याध्यापकांना ती दुरुस्त करण्यास सांगावे, कारण वरच्या कार्यालयात निधीचा निर्णय त्याच नोंदीवरून होतो. चुकीची ‘आहे’ ही नोंद शाळेला अनेक वर्षे मागे ठेवू शकते.

इमारतीइतकेच मुलांचे शिकणेही तपासावे. ‘असर’ या मुलांच्या शिकण्याच्या देशव्यापी पाहणीत २००५ पासून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्यांची वाचनचाचणी वापरली जाते. ती मराठीतही उपलब्ध आहे आणि जेमतेम शिकलेल्या पालकालाही घेता येते. शिक्षकांच्या संमतीने व उपस्थितीत, मुलांना न घाबरवता, वर्षातून दोनदा ती घ्यावी आणि किती मुले कोणत्या पायरीवर आहेत एवढेच आराखड्यात लिहावे. नावे लिहू नयेत. ज्या आराखड्यात रंगरंगोटीला पाच ओळी आणि वाचनाला एकही ओळ नाही, तो आराखडा अपुरा आहे.

एका शाळेचे उदाहरण

समजा, मंगळवेढा तालुक्यातील एका वस्तीवरील पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट ८४ आहे. मंजूर तीन शिक्षकांपैकी दोन हजर आहेत, एक खोली गळते, शौचालयात पाणी नाही, तिसरी ते पाचवीतील बरीच मुले परिच्छेदाच्या पुढे वाचू शकत नाहीत आणि दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. या पाच गरजा पाच वेगळ्या ठिकाणी न्याव्या लागतील.

रिक्त पदासाठी केंद्रप्रमुखांमार्फत (जवळच्या शाळांच्या गटाचे प्रमुख) गटशिक्षणाधिकाऱ्यांना ठरावाची प्रत द्यावी आणि पोच घ्यावी. गळक्या खोलीबाबत आधी ती दुरुस्त होण्याजोगी आहे की निर्लेखन करावे (निरुपयोगी ठरवून नोंदीतून काढावी) लागेल, याचा बांधकाम उपअभियंत्यांकडून लेखी अभिप्राय घ्यावा. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय जुनी खोली पाडता येत नाही, आणि जागा शाळेच्या अथवा जिल्हा परिषदेच्या नावावर असल्याचा उतारा नसेल तर नव्या खोलीची प्रशासकीय मान्यता अडते. समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची शासकीय योजना, जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार किंवा खासदार यांचा स्थानिक विकास निधी यांपैकी कोठूनही खोली मिळणार असली, तरी ही दोन कागदपत्रे लागतातच. ती आधीच तयार असलेल्या शाळेचे काम ऐनवेळी निधी उपलब्ध झाल्यावर पुढे सरकते.

पाण्याचा प्रश्न ग्रामपंचायतीचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला. शाळेची टाकी, नळजोडणी आणि हात धुण्याची जागा या मागण्या बंधित निधीच्या चौकटीत बसतात, त्यामुळे ग्रामसभेत त्या त्याच शीर्षकाखाली मांडाव्यात. किरकोळ देखभालीसाठी समग्र शिक्षेतून शाळेला एकत्रित अनुदान मिळते. ३० पर्यंत पटाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये असे त्याचे निकष आहेत, व त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. आपल्या ८४ पटाच्या शाळेसाठी वर्षाला २५ हजार म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे, म्हणूनच ती मार्चअखेरच्या घाईत न संपवता आराखड्यातील कामांवर खर्च झाली पाहिजे.

वाचनासाठी शिक्षकांना शैक्षणिक पाठबळ लागते. आपल्या शाळा-केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद आणि वेळापूर येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) हे त्याचे पहिले स्रोत आहेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहू शकत असेल, तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्याच्या जेवणाची व देखरेखीची सोय करता येते, आणि त्यासाठी समितीने हंगामापूर्वीच मुलांची यादी देऊन मागणी नोंदवावी लागते. मूल पालकांबरोबर जाणारच असेल, तर दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू राहावे म्हणून त्याला शिक्षण हमी कार्ड देऊन ज्या गावी ते जाईल तेथील शाळेला कळवावे. माळशिरस, माढा, पंढरपूर या ऊसपट्ट्यातील समित्यांनी उलट दिशेने विचार करावा. कारखाना सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या तळावर बाहेरगावची मुले येतात, आणि त्यांना प्रवेश देणे हे आपल्याच स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य असते. कारखान्याने तळावरून शाळेपर्यंत वाहन दिले, शाळेने प्रवेश व पुस्तके दिली आणि आहार योजनेत मुलांची नोंद झाली, तर तीन संस्थांच्या थोड्याथोड्या वाट्यातून त्या मुलांचे सहा महिने वाचतात. हा विषय मला सर्वांत निकडीचा वाटतो, कारण या मुलांचे पालक कोणत्याही समितीच्या बैठकीत नसतात.

पोषण आहाराबद्दल थोडक्यात एवढेच, की पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. समितीच्या एका सदस्याने आळीपाळीने चव व साठा पाहावा. वाढदिवस किंवा पुण्यतिथीच्या निमित्ताने गावकरी जेवण देऊ इच्छीत असतील, तर ते ‘तिथी भोजन’ या नावाने नियमित आहाराला जोड म्हणून द्यावे, पर्याय म्हणून नव्हे.

कंपन्या, माजी विद्यार्थी आणि परदेशातील देणगी

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीबद्दल (सीएसआर) बऱ्याच शाळांचा गैरसमज असतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा अधिक आहे, तिलाच मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करणे बंधनकारक आहे. सोलापुरातील चादरी आणि टॉवेलचे बहुसंख्य यंत्रमाग कारखाने या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत. त्यांच्याकडे उत्तरदायित्व निधीचा अर्ज घेऊन जाणे व्यर्थ आहे, मात्र सतरंज्या, टॉवेल किंवा गणवेशाचे कापड अशा वस्तुरूप मदतीसाठी तेच कारखानदार योग्य आहेत. याउलट दक्षिण सोलापूर तालुक्यातील एनटीपीसीच्या औष्णिक प्रकल्पासारख्या मोठ्या उपक्रमाकडे जाताना रीतसर प्रस्ताव हवा. कायद्यानेच स्थानिक परिसराला प्राधान्य देण्यास सांगितले असल्याने, परिसरातील शाळांनी प्रस्तावात तो उल्लेख जरूर करावा.

प्रस्ताव दोन-तीन पानांचा पुरे. त्यात गरज, आराखड्यातील तिचे स्थान, उपअभियंत्याचे अंदाजपत्रक, समितीचा ठराव आणि जिल्हा परिषदेचे संमतिपत्र असावे. उत्तरदायित्व निधीतून निर्माण झालेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाकडे, नोंदणीकृत संस्थेकडे किंवा लाभार्थ्यांकडे जावी लागते, त्यामुळे संमतिपत्राशिवाय खोलीचे काम सुरूच होत नाही. कंपन्यांचे नियोजन एप्रिलपूर्वी होते, म्हणून जानेवारीत प्रस्ताव पोचवावा.

पुण्या-मुंबईतील माजी विद्यार्थ्यांची मदत घेणे सोपे आहे. परदेशातील मदतीबाबत मात्र सावध राहावे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी योगदान ठरत नाही. परंतु त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ते ठरते, आणि २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते स्वीकारता येत नाही. समितीच्या खात्यात अशी रक्कम कधीही घेऊ नये.

प्रत्येक देणगी स्वीकारण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: पुढील तीन वर्षे हिचा खर्च कोण करणार? संगणक आले तर वीजबिल कोण भरणार, जलशुद्धीकरण यंत्र आले तर त्याच्या गाळण्या कोण बदलणार, हे देणगीपत्रातच लिहून घ्यावे. उत्तर नसेल तर ती वस्तू नम्रपणे नाकारून आराखड्यातील दुसरी गरज सुचवावी. वस्तू मिळताच जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत तिची नोंद व्हावी.

स्वयंसेवी संस्थांबरोबर काम

१९९५ मध्ये मुंबईत महानगरपालिका, युनिसेफ आणि नागरिक यांच्या सहभागातून ‘प्रथम’ संस्था उभी राहिली आणि पुढे मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गटांत शिकवण्याची तिची पद्धत अनेक देशांत पोचली. अशा कामाचे यश बाहेरून आलेला कार्यकर्ता आणि वर्गशिक्षक यांच्यातील समन्वयावर अवलंबून असते. म्हणून संस्थेचा करार शिक्षण विभागाशी किंवा डाएटशी झाला आहे का, हे आधी पाहावे. एका शाळेत एका वेळी वाचनाचा एकच कार्यक्रम असावा. तीन संस्थांच्या तीन पद्धती आणि तीन नोंदवह्या एकाच शिक्षिकेवर लादल्या, तर शिकवायला तिच्याकडे वेळ उरत नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने दिला जाणारा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचा त्यांचा प्रयोग शिक्षकाने वर्गात सुरू केला होता आणि संस्था मागाहून सोबत आल्या, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

शहरातील आणि सीमेवरील शाळा

महानगरपालिकेच्या शाळांत ग्रामपंचायतीऐवजी प्रभागाचे नगरसेवक आणि प्रशासनाधिकारी यांच्याकडे मागण्या जातात. सोलापूर शहरात पालकांपैकी अनेक जण यंत्रमागावर किंवा विडी वळण्याच्या कामावर असतात. ही मजुरी नगावर मिळते, म्हणजे दुपारी बैठकीला बसलेली आई तेवढ्या विड्यांची मजुरी गमावते. तिची उपस्थिती हवी असेल, तर बैठकीची वेळ तिला विचारून ठरवावी. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळते. आईचे ओळखपत्र आणि बँक खाते जुळत नसल्यास अर्ज अडतो, म्हणून समितीने मुदतीपूर्वी एक दिवस शाळेतच कागदपत्रे तपासण्यासाठी ठेवावा.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू, तर अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागात कन्नड बोलली जाते. मराठी माध्यमाच्या पहिलीत आलेल्या अशा मुलांसाठी दोन भाषांतील गोष्टींची पुस्तके फार उपयोगी पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुक्त संग्रहातून मराठी, तेलुगू आणि कन्नड पुस्तके विनामूल्य घेता येतात. एखाद्या दात्याला त्यांच्या छपाईचा खर्च सुचवावा. अल्प खर्चात होणारे हे काम आहे.

हिशेब भिंतीवर

युगांडात जागतिक बँकेच्या एका पाहणीत असे आढळले, की १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठी केंद्राने पाठवलेल्या प्रतिविद्यार्थी अनुदानापैकी सरासरी केवळ सुमारे १३ टक्के रक्कम शाळांपर्यंत पोचली. त्यानंतर तेथील सरकारने जिल्ह्यांना पाठवलेल्या रकमा वर्तमानपत्रांत छापण्यास आणि शाळेच्या फलकावर लिहिण्यास सुरुवात केली, आणि शाळांना मिळणारा वाटा पुष्कळ वाढला. आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवरही कोणाकडून किती रक्कम किंवा वस्तू आली, कशावर खर्च झाली आणि शिल्लक किती, हे दर तिमाहीला लिहावे. रोकडवही, पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत कोणत्याही पालकाने मागितल्यास दाखवावी. समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना होते, त्यामुळे जुन्या सदस्यांनी नव्यांना ही कागदपत्रे बैठकीत, इतिवृत्तात नोंद करून सुपूर्द करावीत.

वाटा उचलला गेला नाही तर

स्वेच्छेने आलेल्या संस्थेने शब्द पाळला नाही, तर वाद न घालता दुसरा साहाय्यक शोधावा. बांधील संस्थेबाबत मात्र मार्ग वेगळा आहे. अधिनियमाच्या कलम ३२ नुसार बालकाच्या हक्काविषयी स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो आणि त्याने समाधान न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीसोबत आराखड्याचे संबंधित पान, ठरावाची प्रत आणि आधीच्या पत्रांच्या पोच जोडाव्यात, आणि मुख्याध्यापकांवर दबाव येऊ नये म्हणून ती समितीचे अध्यक्ष व पालक सदस्य यांच्या सहीने पाठवावी.